मॅलकी हेरटी यांचा हातमोजा

बालिनदारा पोलीस ठाणे, जिल्हा रॉसकॉमन. गुरुवार, १२ जून.

मी, ॲट्रॅक्टा मलरेनन, वय ६४ वर्षे, धंदा संग्रहालयाची देखरेख, राहणार मिल स्ट्रीट, बालिनदारा, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर थोरली बहीण फिलोमिना, वय ७३, हिच्यासह राहते. आम्ही दोघी अविवाहित आहोत. हे सार्जंट टार्पी यांना जन्मापासून माहीत आहे, तरी लिहावं लागतं म्हणून लिहिलं आहे.

गावातल्या जुन्या टपाल कचेरीत कादंबरीकार कै. मॅलकी हेरटी यांचं संग्रहालय आहे. गेली एकोणीस वर्षं त्याची किल्ली माझ्याकडे असते. दोन खोल्या आहेत. त्यांत हेरटी यांची दौत, टाक, चष्मे, चहाची किटली, सायकल, गुडघ्यांवर घ्यायची घोंगडी आणि काचेच्या पेटीत एक तपकिरी लोकरी हातमोजा आहे. मोजा बोटं उघडी राहतील असा, अर्धा आहे. हेरटी डावखुरे होते. तळ्याकाठच्या घरात थंडीने लिहिता हात आखडायचा, म्हणून त्यांनी फक्त डाव्या हाताचा मोजा विणून घेतला. उजवा हात खिशात असतो, त्याला कशाला लोकर, असं ते म्हणायचे. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या या मोज्यातून उतरल्या असं मी पाहुण्यांना सांगते, आणि ते खरं आहे.

पाहुणे जर्मनीहून येतात, जपानहून येतात. गावातून कोणी येत नाही. कारण असं की पहिल्या कादंबरीत हेरटी यांनी गाव जसंच्या तसं घातलं, फक्त नावं बदलली, आणि तीही धड बदलली नाहीत. त्यातला दुधात पाणी घालणारा मलरूनी म्हणजे आमचे आजोबा, हे आंधळ्यालाही दिसेल. संग्रहालय समितीचे अध्यक्ष आणि औषधांचे दुकानदार फिन्टन बर्न यांचे पणजोबा त्यात चर्चमधल्या मेणबत्त्या पळवतात. टार्पी घराण्यातला एक इसम हंसाला घाबरून झाडावर चढतो. हे लिहायची गरज नाही असं सार्जंट साहेबांचं म्हणणं पडलं, पण ते पुस्तकात आहे. एक क्रेग घराणं तेवढं त्या कादंबरीत कुठेच नाही, आणि सगळ्यांत जास्त राग त्यांनाच आहे. सरकारने पुस्तकावर बंदी घातली तेव्हा गावाने समाधानाने मान डोलावली. पुढे त्याच सरकारने हेरटी यांच्या चेहऱ्याचं टपाल तिकीट काढलं. ते आमच्याकडे खपलं नाही.

माझी बहीण त्यातलीच. "ज्याने आजोबांची अब्रू वेशीला टांगली, त्याची किटली तू पुसतेस, ॲटी," असं ती मला एकोणीस वर्षं ऐकवत आली आहे. तिने संग्रहालयाचा उंबरा कधी ओलांडला नाही. हेरटी यांच्या जयंतीला मी चहा करते, तेव्हा तिच्या नावाचा कप दर वर्षी मांडते आणि दर वर्षी कोरडाच उचलून ठेवते.

या वस्तू डब्लिनच्या एका मोठ्या संग्रहालयाला हव्या आहेत. ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी डॉ. ऑर्ना हॅकेट नावाच्या बाईंना पाहणीला पाठवलं. त्या मंगळवारी सकाळी आल्या. त्यांना दोन गोष्टी बघायच्या होत्या. वस्तू इथे सुरक्षित आहेत का, आणि गावाला त्यांचं काही आहे का. अहवाल विरुद्ध गेला तर पानगळीत गाडी येऊन सगळं घेऊन जाणार होती. वस्तू तिथे उत्तम राहतील हे मला मान्य आहे. पण ज्या तळ्याकडे बघत त्या माणसाने लिहिलं ते तळं गाडीत मावणार नाही, असं मी डॉ. हॅकेट यांना म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "गेल्या वर्षी गावातले किती जण येऊन गेले?"

मी म्हणाले, "नळवाला धरायचा का?"

त्यांनी ते लिहून घेतलं.

मंगळवारी दुपारी जेवणानंतर डॉ. हॅकेट यांनी पेटी उघडून मोजा बाहेर काढला. त्या वेळी खोलीत मी आणि फिन्टन बर्न हजर होतो. डॉ. हॅकेट यांनी मोज्याचा काठ उलटा केला, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "मिस मलरेनन, हे काय आहे?" काठाच्या आत निळ्या दोऱ्याने शिवलेलं, नखाएवढं, मेरीमातेचं पदक होतं.

हेरटी यांनी मरताना फादरना दारातून परत पाठवलं होतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. ज्या माणसाने आयुष्यभर चर्चशी उभा दावा मांडला तो मोज्यात मेरीमाता शिवून हिंडेल, हे होणे नाही. डॉ. हॅकेट हळूच म्हणाल्या, "हा मोजा त्यांचा नाही." फिन्टन बर्न यांनी "चोरी! अदलाबदल!" असा आरडाओरडा केला आणि टोपीसुद्धा न घालता ठाण्यात येऊन अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार दिली. कुलूप शाबूत होतं, किल्ली माझ्याकडे होती. अज्ञात इसम म्हणजे कोण, हे कळायला फार शिकावं लागत नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी तिथे भांडले नाही, कारण ते पदक मी पाहिल्याबरोबर ओळखलं होतं. तसं पदक शिवलेला तपकिरी अर्धा मोजा आमच्या गावात एकच आहे, आणि तो ब्रदर कॅनिस यांचा आहे.

ब्रदर कॅनिस हे टेकडीवरच्या मठातले पुण्यपुरुष. त्यांना जाऊन सत्तर वर्षं झाली. त्यांचा मोजा तेव्हापासून गावातल्या आजाऱ्यांच्या घरोघरी फिरतो. ज्याला गरज असेल त्याने मागायचा, बरं वाटलं की परत करायचा. तो सांभाळायचं काम क्रेगांच्या घरात आहे, सध्या डेलिया क्रेग हिच्याकडे. ती तो गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, चादरींच्या वर ठेवते, कारण आजाऱ्याच्या हातात गार मोजा द्यायचा नाही असा तिच्या सासूचा नियम होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या वादळात संग्रहालयाचं छप्पर गळलं आणि हेरटी यांचा मोजा ओला झाला. आमची शेगडी बंद होती. गावात सगळ्यांत ऊबदार कपाट डेलियाचं. मी मोजा तिच्याकडे सुकवायला दिला आणि नंतर परत आणला. हे दोन्ही मोजे विणले गेले त्या काळी अर्ध्या गावाने मठातल्या एकाच शिकवणीत विणकाम शिकलेलं होतं. तीच लोकर, तोच टाका.

मंगळवारी संध्याकाळी मी क्रेगांकडे गेले. डेलिया सोडा ब्रेडची कणीक मळत होती. तिचा नवरा पाकी क्रेग वर्तमानपत्रातलं घोड्यांचं पान वाचत होता.

"डेलिया, मी सुकवायला दिलेला मोजा मला परत कोणी दिला होता गं?"

"मी चर्चमध्ये मिसाला गेले होते. यांनी दिला असेल."

"पाकी, कोणता दिलास?"

"कोणता म्हणजे? तपकिरी."

"अरे, तपकिरी दोन होते."

"मग बरोबरच दिला की."

डेलियाचे हात कणकेत थांबले. "अरे देवा," ती म्हणाली. "तरीच पदक नव्हतं!"

"कुठलं पदक?"

"ब्रदरच्या मोज्यातलं. गेल्या वर्षी इस्टरला बघते तर पदक गायब. मला वाटलं, ओ'डाउडांच्या घरी गेला होता, त्यांनीच कापून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. नवीन आणून मीच शिवलं."

पाकीने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे त्या नास्तिकाच्या मोज्यात तू मेरीमाता शिवलीस?"

"आणि दारात तो कोणी दिला, गाढवा?"

"तू शिवलंस ते जास्त वाईट."

"दीड वर्ष होत आलं," डेलिया खुर्चीत बसत म्हणाली. पीठ तिच्या कपाळाला लागलं होतं. "मी मॅलकी हेरटीला घरोघर फिरवतेय. ज्याने आमचं नावसुद्धा घेतलं नाही त्याला! आणि ॲटी, लोक बरे झाले गं. टोबिनची नागीण गेली. बर्नांच्या सुनेला आठ वर्षांनी दिवस राहिले, जुळं झालं."

"आता मोजा कोणाकडे आहे?"

"असं काय विचारतेस? तुझ्याच घरी. फिलकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. मी रोज सकाळी ज्या हातात चहाचा कप देते त्याच हातात तो मोजा होता.

याबाबत खुलासा असा की, माझी बहीण फिलोमिना जानेवारीत बर्फावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आल्यावर तिने अंथरूण धरलं. हाड जुळलं, पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बटाट्याचं सूप नेलं तर जसंच्या तसं परत. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम झालं आहे, बाकीचं हाडात नाही. एकदा ती मला म्हणाली, "माझं झालं, ॲटी. तू उगाच चमचा धरून बसू नकोस." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

इस्टरच्या आठवड्यात डेलियाने मोजा आणला. फिलने तो डाव्या हातात घातला आणि काढलाच नाही. पुढच्या रविवारी तिने उकडलेलं अंडं मागितलं. मऊ नको, घट्ट, असंही सांगितलं. मे महिन्यात ती चालायच्या चौकटीच्या आधाराने खिडकीपर्यंत गेली आणि समोरच्या बाईच्या पडद्यांना नावं ठेवली. मी ब्रदर कॅनिस यांना मेणबत्त्या लावल्या. त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या हे मला मंगळवारी कळलं.

डेलियाने मला सुचवलं की फिल झोपली असताना मोजा बदलून टाक. "एवीतेवी आमच्या यांनी एकदा बदललाच आहे. तिला काय कळतंय?" मी नाही म्हणाले. फिलशी खोटं बोलायचं मी लहानपणी करून पाहिलं आहे, जमत नाही. आणि खरं सांगावं तर वर्तमानपत्रात त्या माणसाचं नाव दिसलं तरी ती पान उलटते. त्याचाच मोजा आपण हातात घालून बसलो होतो हे कळलं की ती तो फेकणार आणि पुन्हा भिंतीकडे वळणार, याची मला खात्री वाटत होती. गुरुवारपर्यंत मोजा मिळाला नाही तर डॉ. हॅकेट 'वस्तू असुरक्षित' असं लिहून जाणार होत्या. मी एकोणीस वर्षं ज्याची धूळ पुसली ते सगळं जाणार होतं. बुधवारी दुपारपर्यंत मी विचार केला आणि गप्प बसायचं ठरवलं. संग्रहालय गेलं तर गेलं. हे वाक्य समितीच्या अध्यक्षांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

मी चहा घेऊन फिलच्या खोलीत गेले.

"तोंड का असं?" ती म्हणाली.

"कसं?"

"दुधात माशी पडल्यासारखं."

"काही नाही."

"ॲटी, तुला खोटं बोलता आलं असतं तर तुझं लग्न झालं असतं. बोल."

मी सांगितलं. पाकीपासून पदकापर्यंत सगळं. फिलने मोजा काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"इथे करंगळीच्या बाजूला निळं काळं काहीतरी आहे," ती म्हणाली. "एप्रिलपासून बघतेय. मला वाटलं ब्रदरना कसला तरी त्वचेचा रोग असेल, बिचारे." तिने मोजा नाकाशी नेला. "आणि तंबाखू. मी म्हटलं, संत झाला म्हणून काय झालं, एखादी चैन असेल."

तिचे खांदे हलायला लागले. मी कप खाली ठेवला आणि तिला धरायला गेले, तर ती हसत होती. जानेवारीपासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. नुसतं हसून ती थांबली नाही, खोकला येईपर्यंत हसली.

"अगं, ब्रदर कॅनिसकडे हे गाव सत्तर वर्षं मागतंय," ती म्हणाली. "गुडघे मागतं, वासरं मागतं, पाकी तर घोडे मागतो. दमला असेल तो. मॅलकीकडे कोणी कधी काही मागितलंच नाही. सगळं तसंच साठून राहिलं असणार त्याच्याकडे."

"तू रागावली नाहीस?"

"रागावले तर. आजोबांना पाणीवाला केलं ते केलंच. मग आजोबांच्या नातीला त्यानेच उठवायला नको? फिटंफाट झाली."

"फिल, आजोबा खरंच पाणी घालायचे का गं?"

"घालायचे. पंप मी मारायचे." आणि मग म्हणाली, "माझा निळा कोट काढ. नेऊन देते त्याचा त्याला."

बुधवारी दुपारी आम्ही दोघी घरातून निघालो. फिलच्या हातात चालायची चौकट होती आणि डाव्या हातात मोजा होता. मी दंडाला धरायला गेले तर तिने कोपर मारलं. मिल स्ट्रीटला लोक दारात आले. जानेवारीपासून तिला कोणी रस्त्यावर पाहिलं नव्हतं आणि काहींनी तिच्या अंत्यविधीच्या फुलांच्या चक्राचा रंगही ठरवून ठेवला होता. फिन्टन बर्न दुकानातून बाहेर आले.

"फिलोमिना! तू चालतेस?"

"चालतेय. आणि फिन्टन, तुझी जुळी नातवंडं मॅलकी हेरटीची आहेत, कळलं का?"

रस्ता हसून लोळला. फिन्टन बर्न लालेलाल झाले. त्यांना पुढची दहा मिनिटं खुलासा करावा लागला, आणि तो खुलासा करता करता मोज्याची हकीकत त्यांच्याच तोंडून सगळ्या गावाला कळली. मी कोणाला सांगितलेली नाही.

संग्रहालयाच्या दाराशी फिल थांबली. उंबरा उंच आहे. तिने चौकट आत ठेवली, मग एक पाय, मग दुसरा. मला रडू आलं. हे लिहायचं का, असं सार्जंट साहेबांनी विचारलं. लिहा. एकोणीस वर्षं मी त्या उंबऱ्याकडे बघत होते.

आत गेल्यावर ती किटलीसमोर उभी राहिली. "एवढीशी?" ती म्हणाली. "एवढं मोठं तोंड असलेल्या माणसाला?" मग तिने मोजा काढून डॉ. हॅकेट यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावलं. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईवरून सरकतो, म्हणून शाई करंगळीच्या कडेला लागते, असं त्यांनी समजावलं आणि शेवटी "हाच" एवढंच म्हणाल्या. डेलियाने शिवलेलं पदक काढायचं का, हा प्रश्न आला. फिल म्हणाली, "राहू दे. सवय झाली असेल त्याला." डॉ. हॅकेट यांनी थोडा विचार केला आणि तेही मोज्याच्या इतिहासात बसतं, असं सांगितलं.

तेवढ्यात डेलिया आणि फादर हेशन आले. ब्रदर कॅनिस यांचा मोजा टेबलावर ठेवला होता. फादर कधी या मोज्याकडे बघत, कधी त्या.

"मठात काय सांगू मी?" ते म्हणाले.

मी म्हणाले, "फादर, ब्रदर इथे होते तेवढ्या काळात छप्पर एकदाही गळलेलं नाही. हे सांगा."

"आणि बाकीचं? लोक बरे झाले ते?"

"ते तुम्ही सांगायचं, फादर. शिकलेले तुम्ही."

फादर म्हणाले की परमेश्वराने कोणाच्या लोकरीतून काम करावं, यावर चर्चचा काही ठराव झाल्याचं त्यांना आठवत नाही. आमचे फादर हेशन बरे आहेत. ते नाकाने कांदे सोलत नाहीत.

त्यानंतर सार्जंट टार्पी तिथे आले. तक्रार नोंदलेली असल्याने दोन्ही मोजे पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून त्यांनी ठाण्यात आणले. चिठ्ठ्या नीट लावा, पाकीसारखं करू नका, असं मी त्यांना तिथेच सांगितलं होतं.

आज गुरुवारी सकाळी मी संग्रहालय उघडायला गेले तर दारात रांग होती. मला वाटलं कुठली तरी सहल आली. जवळ गेले तर सगळी गावचीच माणसं. मोजा ठाण्यात आहे, पेटी रिकामी आहे, हे मी ओरडून सांगितलं. कोणी हललं नाही. रिकामी पेटी बघून ते चष्म्यांकडे गेले, सायकलीची घंटा वाजवली, ती वाजवू नये असं लिहिलेलं असताना वाजवली. ओ'डाउडांची म्हातारी डेलियाच्या गळ्यात गळा घालून उभी होती. टोबिनने ती बंदी असलेली कादंबरी हातात घेऊन भर खोलीत विचारलं, "यात आमचा कोणता?" मी पान काढून दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, मग बायकोला बोलावून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझा बाप अगदी असाच होता." लोक हसले. त्यानंतर मला पानं काढून देण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही.

डॉ. हॅकेट जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत होत्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "गावाला या संग्रहाशी काही देणंघेणं नाही, असा एक परिच्छेद मी लिहून तयार ठेवला होता. तो आता नव्याने लिहावा लागेल." निर्णय सप्टेंबरमध्ये होणार, त्यांचं एकटीचं मत चालत नाही, मी वचन देऊ शकत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण काचेच्या पेटीत ठेवायला ओलावा मोजायचं यंत्र पुढच्या आठवड्यात पाठवते, असं त्या म्हणाल्या. जी वस्तू उचलून न्यायची तिच्यासाठी इथे कोणी यंत्र पाठवत नाही, असं मला वाटतं.

मोज्याबद्दल त्यांचा नियम असा की तो संग्रहालयाबाहेर न्यायचा नाही. आजारी माणसाने यावं, हात धुवावेत आणि माझ्यासमोर बसून धरावा, याला त्यांची हरकत नाही. "आणि ज्याला उठता येत नाही त्याचं काय?" असं फिलने विचारलं. "त्याच्याकडे ॲटी पेटी घेऊन जाईल," हे उत्तरही तिनेच दिलं. डॉ. हॅकेट यांनी दारासमोरच्या ओढ्यावरल्या पुलाकडे बघत सांगितलं की ओढ्याच्या आवाजात त्यांना शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही. ओढ्याला सध्या घोटाभर पाणी आहे.

तरी माझं म्हणणं असं की, सदर प्रकरणी चोरी झालेली नाही. पाकी क्रेग याने मुद्दाम काही केलेलं नाही. तो मुद्दाम काही करतच नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फिन्टन बर्न यांनी मला अज्ञात इसम म्हटलं, त्याबद्दल त्यांनी माफी मागितली आहे आणि जयंतीच्या चहाचा केक त्यांच्याकडून येणार आहे. ब्रदर कॅनिस यांचा मोजा डेलिया क्रेग हिच्याकडे आणि मॅलकी हेरटी यांचा मोजा माझ्याकडे लवकरात लवकर परत द्यावा, ही विनंती.

वरील मजकूर सार्जंट टार्पी यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, फक्त एक गोष्ट त्यांनी गाळली होती, ती घातल्याशिवाय सही करणार नाही असं मी म्हणाले. ती अशी की, सार्जंट टार्पी यांच्या मातोश्री श्रीमती विनिफ्रेड टार्पी यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया सोमवारी आहे. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे मोजा न्याल का, असं सार्जंट साहेबांनी जबाब सुरू होण्याआधी दार लावून घेऊन मला विचारलं. कोणता, असं मी विचारलं. ते म्हणाले, आई म्हणते मॅलकीचा. मी नेणार आहे. आता जबाब पुरा आणि खरा आहे.

सही,
ॲट्रॅक्टा मलरेनन

माझ्यासमक्ष,
सार्जंट टार्पी